फायकस ओळखायला शिकायचंय? वड, पिंपळ, उंबर आणि बाकीची भावंडं, मुंबईतल्या मुंबईत

माटुंग्याला एका रस्त्यावर मी मैत्रिणीला मोठ्या ऐटीत सांगत होते की हा बघ पिंपळ, बदामाच्या आकाराचं पान, पुढे टोक, एकदम क्लासिक. बाजूला शहाळी विकणारे काका शांतपणे म्हणाले, "ताई, ती भेंडी आहे, वर बघा की पिवळी फुलं." वर बघितलं तर खरंच पिवळी फुलं, खाली पडलेली लालसर झालेली. पारसपिंपळ, त्यालाच भेंडीचं झाड म्हणतात! नावात पिंपळ आहे पण पिंपळाशी काही नातं नाही, तो जास्वंद-कापसाच्या कुळातला. मैत्रीण अजूनही भेटली की "तुझा पिंपळ कसा आहे" म्हणून विचारते.

त्या दिवसापासून मी ही झाडं नीट शिकायला घेतली. आपण सगळे समजतो की वड-पिंपळ तर सगळ्यांनाच ओळखता येतात, पण खरं सांगायचं तर आपल्याला देवळाजवळचा पिंपळ आणि पारंब्या लोंबणारा वड एवढेच येतात, पार आणि दोरे काढून घेतले की निम्मे लोक गडबडतात. मी पण गडबडले आणि जवळजवळ दीड वर्ष चुकीच्या क्रमाने शिकत बसले, म्हणजे आधी पानांचे फोटो, मग ॲप, मग नावं पाठ. तुम्ही तसं करू नका. खाली जो क्रम देतेय त्यात पान सहाव्या नंबरावर आहे आणि ते मुद्दाम आहे.

जवळ काय काय लागेल

फार काही नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग (चष्म्याच्या किंवा लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं), एक दाढीचं ब्लेड किंवा छोटा कटर, १५ सेंटिमीटरची पट्टी, वही-पेन्सिल, जुना रुमाल किंवा टिश्यू, पाण्याची बाटली आणि मोबाईल. दुर्बीण असेल तर उत्तम, कारण मोठ्या झाडांची फळं वीस-तीस फुटांवर असतात आणि मान वर करून काहीच दिसत नाही. पेन्सिलच घ्या, पावसात पेनाची शाई पसरते, माझी एक अख्खी वही अशी गेली. कपडे जुने घाला, चिकाचा डाग निघत नाही.

१. आधी हे समजून घ्या की आपण नेमकं काय शोधतोय

फायकस हा झाडांचा एक वंश आहे. वड कुलात, म्हणजे शास्त्रातल्या मोरेसी कुलात तो येतो, फणस आणि तुती पण त्याच घरातले. जगात फायकसच्या सुमारे ८५० जाती आहेत, जवळजवळ सगळ्या उष्ण प्रदेशात. काही शंभर फुटी झाडं, काही झुडपं, काही भिंतीवर चढणाऱ्या वेली, बंगल्यांच्या कंपाउंडला जी चपटी हिरवी वेल चिकटवलेली असते ती पण फायकसच. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर या चौघांना शास्त्रीय नावं दिली ती आजही तीच चालू आहेत: फायकस बेंगालेन्सिस, फायकस रिलिजिओसा, फायकस रेसिमोसा, फायकस कॅरिका. ही चार पाठ करून टाका, बाकीची हळूहळू.

इथे एक भाषेची भानगड आहे, ती मला कोणी सांगितली नव्हती. जुन्या मराठी पुस्तकांत 'प्रजाती' हा शब्द वंशासाठी वापरलेला असतो आणि हल्ली पेपरात तोच शब्द जातीसाठी येतो. त्यामुळे कुठे "फायकस प्रजाती" वाचलं तर आधी बघा लेखक कुठल्या काळातला आहे. मी इथे वंश आणि जाती असेच शब्द वापरतेय.

आणि मराठी नावांवर फार विसंबू नका. वड, पिंपळ, उंबर यांच्याबद्दल वाद नाही, पण पायर, पाकर, पिपरी, अष्टा ही नावं माणसागणिक आणि गावागणिक वेगळ्या झाडाला लागतात. मी वहीत मराठी नाव लिहिते आणि पुढे कोणी सांगितलं ते लिहिते, म्हणजे नंतर भांडण नको.

२. चीक बघा

एक ताजं पान देठापाशी खुडा किंवा देठाला नख मारा. पांढरा दुधासारखा चीक आला पाहिजे. आला नाही तर फायकस नाही, पुढे बघायची गरजच नाही. पारसपिंपळाला असा पांढरा चीक येत नाही, म्हणजे मी माटुंग्याला एवढं एक केलं असतं तरी अब्रू वाचली असती.

खाली पडलेलं वाळकं पान उचलून ही टेस्ट करू नका, त्यात चीक सुकलेला असतो आणि तुम्ही चांगल्या वडाला नापास कराल. ताजं पडलेलं हिरवं पान किंवा हाताला येणारं खालच्या डहाळीचं एक पान पुरे. चीक हाताला लागला तर लगेच पुसा आणि त्या हाताने डोळे चोळू नका, काहींच्या त्वचेला खाज सुटते, मला मनगटावर दोन दिवस पुरळ होतं.

पण चीक आला म्हणजे फायकस सापडला असंही नाही. चाफ्याला चीक असतो, सप्तपर्णीला असतो, रुईला असतो, चिकूला तर नावातच आहे. म्हणून पुढची पायरी.

३. फांदीच्या टोकाची सुरळी आणि मागे राहिलेलं कडं

ही माझी सगळ्यात आवडती खूण आहे आणि ती घरबसल्या शिकता येते. तुमच्या किंवा शेजारच्या बिल्डिंगच्या लॉबीत, बँकेत, दवाखान्यात कुठेतरी रबर प्लांट नक्की असेल, जाड चकचकीत पानांचा. तो फायकस इलॅस्टिका. त्याच्या शेंड्याला एक लालसर टोकदार सुरळी दिसते, लोकांना ती कळी वाटते. ती कळी नाही. ते उपपर्ण आहे, म्हणजे पानाच्या बुडाशी येणारं झाकण, आणि त्याच्या आत पुढचं पान गुंडाळून ठेवलेलं असतं, लहान बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं. पान मोठं झालं की ते झाकण गळून पडतं (कुंडीत वाळलेले लाल कागदासारखे तुकडे दिसतील) आणि जिथे ते चिकटलेलं होतं तिथे फांदीला गोल फिरून एक बारीक रेघ राहते. अंगठी घातल्यासारखी. प्रत्येक पानापाशी एक अंगठी.

आठवडाभर रोज त्या रबर प्लांटचा एक फोटो काढा, नवं पान उघडताना सगळा प्रकार दिसेल. मग बाहेर जाऊन तेच वडावर बघा, तिथे सुरळी हिरवी आणि जाडजूड असते, पिंपळावर बारीक, निमुळती. उंबरावर कडं जरा पुसट असतं, भिंग लागतं. एकदा नजर बसली की लांबून सुद्धा टोकाला ती अणकुचीदार सुरळी दिसायला लागते.

सापळा: सोनचाफ्याच्या फांदीला पण अशीच कडी असतात आणि टोकाला झाकलेला कोंब असतो. मी एकदा फुलं नसलेल्या सोनचाफ्यापुढे वीस मिनिटं वहीत फायकसची चित्रं काढत बसले होते, वॉचमन येऊन म्हणाला मॅडम फूल पाहिजे तर सकाळी या. सोनचाफ्याला पांढरा चीक नसतो, तिथे तो बाद होतो. म्हणजे चीक आणि कडं दोन्ही एकत्र पाहिजेत, एकावर निकाल द्यायचा नाही.

आणि दोन्ही एकत्र असून पण फायकस नसलेलं एक झाड आपल्या दारात आहे, फणस. चीक भरपूर, फांदीला कडी पण. अर्थात तो भाऊबंदच आहे, वर सांगितलं तसं एकाच कुलातला. फणस लागलेला असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर निकाल फळावर ठेवायचा.

४. फळ कापा (इथे वेळ द्या, घाई करू नका)

फायकसचं खरं आधारकार्ड म्हणजे त्याचं फळ. आपण "उंबराचं फूल" म्हणतो ना, कधीतरी उगवणाऱ्या पाहुण्याला, वर्षातून एकदा येणाऱ्या भाच्याला. म्हणजे आपल्या लोकांनी शेकडो वर्षं बघितलं होतं की या झाडाला फळं लगडतात पण फूल काही दिसत नाही. फुलं असतात आणि ती सगळी त्या फळाच्या आत असतात. ज्याला आपण फळ म्हणतो तो खरा तर अख्खा फुलोरा आहे, आतून पोकळ मडक्यासारखा, आणि त्या मडक्याच्या आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं चिकटलेली. शास्त्रीय मराठीत त्याला कुंभासनी फुलोरा म्हणतात. कुंभ म्हणजे मडकं, म्हटल्यावर लक्षात राहतं.

सुरुवात अंजीरापासून करा, ते आपलं रोजचं आहे. मोसमात दादरला पुरंदरचं ताजं अंजीर मिळतं ते घ्या, नाहीतर सुकं अंजीर रात्रभर भिजत घाला. देठापासून खालच्या छिद्रापर्यंत उभं कापा. आत दाताखाली कचकच लागणारे जे दाणे ते एकेका मादी फुलाचं खरं फळ. जिथे देठ असतो त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला एक छोटं भोक असतं, आतून बारीक खवल्यांनी बंद केलेलं. ते भोक म्हणजे दरवाजा.

आता उंबराखाली जा, खाली पडलेली दहा-बारा उंबरं गोळा करा, काही कच्ची काही पिकलेली, आणि पांढऱ्या कागदावर एकेक कापा. पिकलेल्यातून किडे निघतील. घाबरू नका, ते माणसाला चावत नाहीत आणि ते 'उंबर किडलं' म्हणून आलेले नाहीत. ते फायकसचे वास्प आहेत, गांधीलमाशीचे लांबचे नातेवाईक पण एक-दोन मिलिमीटरचे. त्यांचं चक्र असं: परागकण घेऊन आलेली मादी त्या दरवाजातून आत घुसते, दरवाजा इतका अरुंद की घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे ती परत बाहेर पडणारच नसते. आत ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी गेली तिथे गाठी होतात, बाकीच्यात बी. काही आठवड्यांनी गाठीतून आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, ते आतल्या आत माद्यांशी मीलन करतात आणि बाहेर जायला भोक पाडून देतात, बहुतेकांचं सगळं आयुष्य त्या एका उंबरात. मग माद्या नर फुलांचे पराग घेऊन उडतात आणि एक-दोन दिवसांत त्यांना दुसरं योग्य अवस्थेतलं उंबर सापडलं पाहिजे, नाहीतर खेळ संपला.

साधारणपणे फायकसच्या प्रत्येक जातीचा वास्प वेगळा. वडाचा वास्प पिंपळाकडे जात नाही. म्हणून परदेशातून आणून लावलेला फायकस कित्येकदा बी धरत नाही, त्याचा वास्प इथे आलेलाच नसतो.

दोन गोष्टी भिंगाने नक्की बघा. एक, वड-पिंपळ-उंबर यांच्यात एकाच फळात तीन प्रकारची फुलं असतात: नर, लांब दांडीची मादी फुलं आणि आखूड दांडीची, ज्यात गाठी होतात. नर फुलं उंबरात दरवाजाच्या आसपास सापडतात. दुसरं म्हणजे झाडावरच्या उंबरांवर बाहेरून बसलेले, शेपटीसारखी लांबलचक सुई टोचणारे वास्प. ते पराग-बिराग काही वाहत नाहीत, बाहेरून सुई घालून आतल्या गाठींत आपली अंडी सोडतात, फुकटे. आणि त्या दोघांना पकडायला फळावर लाल मुंग्या टपून. एका उंबराच्या खोडापाशी मी सकाळी सात ते साडेनऊ उभी होते, पाय भरून आले तरी हलवत नव्हतं.

घरी हे सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो की मग अंजीर शाकाहारी का. लागवडीच्या बऱ्याच अंजिरांना फळ धरायला परागीभवन लागतच नाही, त्यामुळे त्यात वास्प जायचा संबंध येत नाही. आजीला एवढंच सांगा, उपासाला खाऊ दे तिला.

५. फळ कुठे लागलंय आणि कसं लागलंय

इथून जाती वेगळ्या करायला सुरुवात होते.

खोडाला आणि जाड फांद्यांना घोसच्या घोस, देठ असलेली, पिकल्यावर लाल, दोन ते चार सेंटिमीटरची फळं: उंबर.

पानाच्या बगलेत जोडीने, देठ नसलेली, चांगली लालभडक, अंगावर बारीक लव, दीड-दोन सेंटिमीटर: वड.

तशीच जोडीने, पण लहान, सेंटिमीटरभर, पिकताना गुलाबी होऊन मग जांभळट काळी: पिंपळ.

खोडातून निघून खाली लोंबणाऱ्या बिनपानांच्या फांद्यांवर हिरवी-पिवळट, केसाळ फळं: काळा उंबर, काही लोक बोखाडा म्हणतात, फायकस हिस्पिडा. नाल्याच्या कडेला, पडीक जागेत, रेल्वेलाईनच्या बाजूला हे झुडूपवजा झाड असतं आणि सगळे त्याला उंबरच समजतात. ही फळं खायच्या भानगडीत पडू नका. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात: एका झाडाच्या फळात वास्प वाढतात, दुसऱ्याच्या फळात फक्त बी. म्हणजे एक झाड कापून बघितलं आणि आत बीच नाही म्हणून गोंधळू नका, चार पावलांवर दुसरं झाड बघा.

६. आता पान

आता बघा पान, कारण आता ते फसवणार नाही.

पिंपळाचं पान सगळ्यांना माहीत आहे पण टोक मोजा. पट्टी लावा. पुढची शेपटी चांगली लांब असते, दोन ते पाच सेंटिमीटर सहज, आणि देठ लांब व बारीक, म्हणून वारा नसताना पण पिंपळ सळसळतो. पारसपिंपळाचं टोक आखूड. आणि पिंपळाचे सख्खे भाऊ आहेत त्यांचं पण टोक आखूडच: एकाचं शास्त्रीय नाव फायकस रम्फाय, दुसरा फायकस अर्नोटियाना, जो टेकड्यांवर खडकांच्या फटीत येतो आणि ज्याचे देठ आणि शिरा लालसर असतात. दोघांनाही लोक पायर म्हणतात, वर म्हटलं तसं.

वडाचं पान जाड, चामड्यासारखं, टोक बोथट. खालून अंगठा फिरवा, कोवळ्या पानाला लव जाणवते. पान उलटं करून देठ जिथे पात्याला मिळतो तिथे बघा, मेणचट चकचकीत ठिपका दिसतो.

रस्त्यांच्या कडेला आणि नव्या सोसायट्यांच्या गेटपाशी जी छाटून गोल केलेली झाडं असतात त्यातली बरीच फायकस बेंजामिना किंवा नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. नर्सरीवाले दोन्हीला नुसतं "फायकस" म्हणून विकतात. बेंजामिनाचं पान पातळ, टोक खाली वळलेलं, बाजूच्या शिरा अगदी जवळजवळ आणि बारीक, फांद्या लवलेल्या. नांद्रुकाचं पान जरा जाडसर, टोक आखूड, झाड भरदार, आणि खोडाजवळ दाढीसारखी बारीक मुळं लोंबतात. हे दोन वेगळे करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, तुम्हालाही लागेल.

खरवत, म्हणजे फायकस एक्झॅस्परेटा, तर डोळे मिटून ओळखा. पान सँडपेपरसारखं. पूर्वी त्याने लाकूड घासायचे. नखावर घासून बघा, नख खरंच घासलं जातं.

काळ्या उंबराची पानं पण खरखरीत, पण ती समोरासमोर जोडीने येतात. फायकसमध्ये बहुतेकांची पानं एकाआड एक असतात, त्यामुळे समोरासमोर दिसली की मुंबईपुरतं तरी उत्तर जवळजवळ ठरलेलं. उंबराच्या पानांवर पुष्कळदा फोडांसारख्या गाठी असतात, तो रोग-बिग समजू नका, एका बारीक किड्याने केलेली घरं आहेत आणि उंबर ओळखायला त्यांची मदतच होते.

ॲपबद्दल: फोटो टाकला की नाव येतं, पण एका ॲपने मला एकाच नांद्रुकाची एका सकाळी तीन वेगळी नावं दिली. नुसत्या पानाचा फोटो टाकू नका. शेंडा, फळ, पानाची दोन्ही अंगं आणि खोड असे पाच फोटो काढा, आणि ॲपचं उत्तर हे कोणीतरी रस्त्यात सांगितलेल्या पत्त्यासारखं घ्या, पुढे परत विचारायचं.

७. मुळं, पारंब्या आणि बिल्डिंगच्या भिंती

पारंब्या म्हणजे वड, हे शाळेतलं समीकरण मुंबईत दोन्ही बाजूंनी फसतं. एक तर रस्त्यावरच्या वडांच्या पारंब्या कापून टाकतात, बस अडते, वायरी अडकतात, आणि कापल्या नाहीत तरी खाली काँक्रीट, मग त्या रुजणार कुठे. त्यामुळे एकही पारंबी नसलेला वड इथे सर्रास. दुसरीकडे नांद्रुक आणि रबर यांनाही लोंबती मुळं येतात (मेघालयात रबराच्या झाडाचीच मुळं वळवून नदीवर पूल करतात). म्हणून पारंबी दिसली तर नुसती नोंद करा आणि फळाकडे जा.

जुन्या इमारतींच्या पाइपच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात जे रोप उगवतं ते बहुतेक वेळा पिंपळ किंवा वड. तांबट, साळुंकी, कोकीळ, वटवाघळं फळं खातात आणि विष्ठेतून बी वर टाकतात. जंगलात हेच बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथून मुळं खाली सोडतं, यजमानाला वेढून टाकतं आणि शेवटी आतलं झाड मरून जातं. आपल्या भिंतीला फायकस झाडच समजतो, इतकंच. नवशिक्यासाठी मात्र ही लहान रोपं सोन्यासारखी, कारण शेंडा डोळ्यांच्या उंचीवर मिळतो. फक्त रोपाचं पान मोठ्या झाडाच्या पानाहून वेगळं दिसू शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

८. कुठे जायचं, कधी जायचं

पहिली फेरी भायखळ्याच्या राणीच्या बागेत करा, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ पासूनची बाग आहे, जुनी झाडं भरपूर, काहींवर नावाच्या पाट्या पण आहेत. बुधवारी बंद असते, मी दोनदा बुधवारी गेलेय. पेंग्विनच्या रांगेकडे न जाता झाडांकडे गेलात तर सकाळ शांत जाते.

दुसरी फेरी फोर्टात हॉर्निमन सर्कल. तिथले वड आणि टाऊन हॉलच्या पायऱ्या एकाच फेरीत होतात. १८५० च्या दशकात शेअर दलाल याच भागात टाऊन हॉलसमोर वडाखाली जमायचे आणि १८७५ मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. इंग्रजीतलं 'बनियन' हे वडाचं नाव सुद्धा वडाखाली बसणाऱ्या वाणियांवरून पडलं.

तिसरी बोरिवलीचं नॅशनल पार्क, सोमवारी बंद. इथे खरवत, काळा उंबर, उंबर ओढ्यांच्या कडेला त्यांच्या स्वतःच्या घरी भेटतात. पण इथे एक पानही तोडायचं नाही, पडलेलं सुद्धा घरी न्यायचं नाही. चिकाची टेस्ट विसरा, कडं आणि फळ दुर्बिणीने बघा. शहरात पण महाराष्ट्राचा १९७५ चा झाडं वाचवायचा कायदा आहे, फांद्या तोडत फिरू नका, एका पानाने काम होतं.

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग विकायला येतात. तोडणं मला पटत नाही, पण संध्याकाळी पूजा झालेल्या फांद्या कोपऱ्यावर पडलेल्या असतात, त्यातली एक उचला आणि घरी टेबलावर सुरळी, कडं, मेणचट ठिपका, सगळं निवांत बघा. एकदा अशा फांदीवर मला जोडफळं पण मिळाली होती.

मोसमाचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चात पिंपळ पानं गाळतो आणि लगेच तांबूस गुलाबी पालवी येते, ते दोन आठवडे चुकवू नका. वडाची फळं उन्हाळ्यात, आणि फळं पिकली की सकाळी साडेसहाला झाडाखाली जाऊन उभे राहा, नशीब असेल तर हरियाल दिसतील, आपला राज्यपक्षी, पानांच्याच रंगाचा, हलेपर्यंत दिसत नाही. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, तो कधीही. पावसाळ्यात जोराच्या वाऱ्यात मोठ्या झाडांखाली थांबू नका, अभ्यास दुसऱ्या दिवशी होतो.

९. वहीत काय लिहायचं

तारीख, जागा (लँडमार्कसकट, "स्टेशनजवळ" लिहून उपयोग नाही), चीक आला का, कडं दिसलं का, फळ कुठे-किती-केवढं-रंग काय, पान एकाआड एक की समोरासमोर, पानाची लांबी आणि टोकाची लांबी, देठाची लांबी, खालून लव आहे का, मुळं. नाव सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलने.

नाव नाही सापडलं तर जागा रिकामी ठेवा आणि त्याच झाडाकडे फळाच्या वेळी परत जा. फोर्टात असाल तर झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, १९०६ पासूनचं, तिथे दाबून वाळवलेले नमुने असतात, आधी फोन करून परवानगी विचारा. जाताना फोटो प्रिंट काढून न्या आणि वही न्या. माझ्या वहीत सध्या अकरा झाडांपुढे जागा रिकामी आहे, त्यातलं एक आमच्याच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर उगवलंय, आणि सेक्रेटरी पुढच्या रविवारी ते काढायला माणूस बोलावतोय, त्याच्या आत शेंड्याचा फोटो काढायला वर जायचंय.